वार्षिक तपासणी

परुळ्याच्या सड्यावर ताडपत्रीखाली
चार आसनांचं विमान.
शेपटीवर इंग्रजी एन आणि पुढे आकडे.
डॉक्टर खानोलकरांचं. ते भूल देणारे,
तीस वर्षं ओहायोत माणसं झोपवून परत आले.
कागदावर मात्र मालक ते नाहीत.
मालक डेलावेअरमधला कुठलासा ट्रस्ट,
ज्याने वेंगुर्लं नकाशावरसुद्धा पाहिलेलं नसावं.

माझं दुकान झेरॉक्स, लॅमिनेशन आणि कुरियरचं.
डॉक्टर म्हणाले, तुझं इंग्रजी बरं आहे, एवढं बघ.
एवढं म्हणजे,
ऑक्टोबरच्या एकतीस तारखेआधी
अमेरिकेचं लायसन असलेला माणूस हवा,
विमान उघडून बघणारा आणि सही करणारा.
बघणारे पुष्कळ.
सही करणारे फोनवर मोजून तीन सापडले.
एक शारजात, एकाची बायको बाळंत,
तिसरा कोचीचा वर्गीस. येतो म्हणाला,
जाण्यायेण्याचं भाडं, राहणं,
आणि मासे फार तिखट नकोत.

ब्रेकची रबरं कान्सासहून निघाली
आणि मुंबईच्या कस्टममध्ये अठरा दिवस बसून राहिली.
मी अर्ज लिहिला. पुन्हा लिहिला.
'वस्तूचा उपयोग' या रकान्यात
तिसऱ्या वेळी वैतागून लिहिणार होते:
थांबण्यासाठी.

तोवर बस्त्याव फर्नांडिस यायचा,
बंदरावरच्या ट्रॉलरांची इंजिनं बांधणारा.
पहिल्या दिवशी त्याने पंख्यावर हात ठेवला,
अनोळखी म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा,
हळूच एक फेरा दिला, कान लावला.
"तिसरो सिलिंडर दमलो हा, बाय."
मग तसं लिहून दे की.
"माजी सही खंय चालता?
माजी सही चालता ती डिझेलाच्या कुपनार."

खारं वारं बिजागरीत शिरतं,
रिबिटांच्या डोक्याखाली शिरतं,
पांढरी बुरशी धरते तशी धातूवर पूड येते.
बस्त्याव गोड्या पाण्याने पुसायचा, रोज,
पोटाखाली उताणा झोपून.
त्या पुसण्याची नोंद कुठेच नाही.

वर्गीस गुरुवारी आला,
दातांच्या डॉक्टरसारखा आरसा घेऊन.
झाकणं उतरवली. सुटे स्क्रू
माझ्या इडलीपात्रात, खळग्याखळग्यात, क्रमाने.
दाब मोजला. ऐंशीपैकी शहात्तर, चौऱ्याहत्तर,
शहात्तर,
आणि तिसऱ्यात अडुसष्ट.
चालेल, म्हणाला, पण लक्ष ठेवा.
बस्त्यावने विडी काढली,
पंखातलं पेट्रोल आठवलं, परत खिशात ठेवली.

मग पंखाखालची ती बारीक नळी,
वाऱ्यावरून वेग सांगणारी.
आत कुंभारीण माशीने घर बांधलेलं.
वर्गीसने तारेने कोरून कोरून काढलं.
लाल माती, सड्यावरचीच,
आणि मातीत तीन हिरव्या अळ्या, हलत नसलेल्या.
डॉक्टर चष्मा कपाळावर सारून वाकले.
बराच वेळ वाकलेले राहिले.
"मेलेल्या नाहीत," म्हणाले. "भूल दिलीये.
डोस बघा. पिल्लू खाईपर्यंत पुरेल एवढाच."
महिनाभरात ते पहिल्यांदा
विमानाच्या खर्चाशिवाय दुसरं काही बोलले.

संध्याकाळी वर्गीसने लॉगबुक भरलं.
मी खांद्यावरून वाचत होते,
आमच्या धंद्यात ती सवयच लागते.
टायरमध्ये हवा. तेल बदललं. ब्रेकची रबरं नवी.
नळीतून परकी वस्तू काढली.

परकी.
मी पुन्हा वाचलं. अक्षर सुरेख होतं.
खाली सही, लायसनचा नंबर, तारीख एकोणतीस.

तीन प्रती काढल्या, एक ट्रस्टला धाडायची.
बस्त्यावने इडलीपात्र
रॉकेलने धुऊन परत दिलं,
त्यात आता इडली कोण खाणार?

दुसऱ्या दिवशी ताडपत्री बांधली.
नळीला लाल कापडाची टोपी घातली, मीच शिवलेली.
दुपारी बिल द्यायला गेले तेव्हा
टोपीभोवती ती घिरट्या घालत होती,
तोंडात ओल्या मातीची
एक गोळी धरून.